लीलाताईंचे दोन निरोप

मंडळी, बसा. मागे जागा नसेल तर पुढे सतरंजीवर या. लीलाताई असत्या तर एव्हाना त्यांनीच सगळ्यांना सरकवून बसवलं असतं.

मला बोलायला उभं केलं आहे. काय बोलू? बोलणं त्यांचं असायचं. मी मागे उभी राहून बर्फाचा आणि वर्गणीचा हिशेब ठेवणारी. निघताना देवापुढे दिवा लावला आणि म्हटलं, रामा, दोन वाक्यं सरळ येऊ दे. येतील असं वाटत नाही. माझं मनच ठिकाणावर नाही.

नवीन माणसं आली आहेत, त्यांना सांगते. उन्हाळ्यात नागपूर स्टेशनवर गाडी थांबली की खिडकीखिडकीशी जाऊन पाणी द्यायचं, हे काम आपलं महिला मंडळ वर्षानुवर्षं करत आलं. रामनवमीला सुरुवात, मृग लागला की बंद. सुरुवात केली ती लीलाताईंनी. पाणी गाळायला गांधीबागेतून मांजरपाट आणला, पाण्याच्या गाड्यासाठी मोरेश्वरभाऊंना पकडलं आणि आम्हाला स्वयंपाकघरातून ओढून नेलं.

काटोलहून लग्न होऊन मी याच स्टेशनवर उतरले. तेव्हा खिडक्यांतून लोटे यायचे, सुरया यायच्या. एका बाईनं तर पितळेची घागर पुढे केली. लीलाताई म्हणाल्या, "ओ बाई, गाडी में पूरा घर लेके बैठी क्या?" सगळा डबा हसला. आणि घागर भरली हो त्यांनी! पुढे प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. मग काचबंद डबे आले. आतले लोक आमच्याकडे पाहायचे, आम्ही त्यांच्याकडे. छोट्या लाईनची गाडी बंद झाली, सरकते जिने आले, पाण्याचं मशीन आलं. स्टेशन बदलत गेलं. लीलाताई मात्र तशाच ओरडायच्या, "काहून वं कमल, उभी काहून? गाडी तुयासाठी थांबून राहिली का? अर्धी भर न् पुढं सरक! एकाची काठोकाठ भरशील तं बाकीचे कोरडे जातीन!"

आता माझी अडचण ऐका.

दवाखान्यात मी भेटायला गेले तर त्यांनी आधी माझा सुजलेला गुडघा पाहिला. मग डोळे मिटून म्हणाल्या, "कमल, यंदा पाण्याचं काही काढू नको. झालं आता." मी हो म्हटलं. आजारी माणसाला दुसरं काय म्हणणार?

आणि दुसऱ्या दिवशी मोरेश्वरभाऊ गेले, तर त्यांना म्हणाल्या, "मोरेश्वर, गाडा धुवून ठेव गा. चाकाले तेल घाल." भाऊ समोर बसले आहेत, विचारा त्यांना. त्यांनी गाडा धुतला. काल पाहिला मी, लखलखतो आहे.

आता सांगा, मी कोणाचं खरं मानू? दोघंही खरं बोलतो आहोत. कोणी म्हणतं, नंतरचा शब्द तो शेवटचा. पण आजारी माणूस सकाळी एक बोलतं, दुपारी एक बोलतं. कोणी म्हणतं, वहिनी, आता कोण पितं तुमचं पाणी? लोक विकतची बाटली घेतात. तेही खोटं नाही. आणि आज सभा संपायच्या आत मी काय ते सांगावं, असं सगळ्यांचं म्हणणं.

म्हणून त्यांचं दहावं झाल्यावर मी एकटी स्टेशनवर गेले. प्लॅटफॉर्म तिकीट काढलं. आजवर कधी काढलं नव्हतं, आपला बिल्ला पाहून सोडायचे. बांधकामामुळे जागोजागी पत्रे लावलेले. आमचा नेहमीचा जिना बंद. इतकी वर्षं जिथे वावरले, तिथे मी चुकले हो! एका पोलिसानं विचारलं, "कहाँ जाना है माताजी?" मला कुठेच जायचं नव्हतं.

तेवढ्यात गाडी लागली. मी सवयीनं शेवटच्या जनरल डब्यापर्यंत चालत गेले. खिडकीत एक बाई, मांडीवर लेकरू. म्हणाली, "अम्मा, पानी है?"

मी म्हटलं, "वो क्या सामने मशीन है, ठंडा मिलता."

ती म्हणाली, "उतरी तो जगह गई अम्मा. और इसको किसके पास देऊँ?"

माझ्याजवळ घरची स्टीलची बाटली होती. तिच्या बाटलीत अर्धी ओतली. लगेच शेजारून दुसरा हात आला, मग तिसरा. माझी बाटली तिथेच रिकामी झाली. हात तसेच राहिले, आणि गाडी सुटली.

जाणाऱ्याचा शब्द मोडू नये, हे मला आईनं शिकवलं. तहानेल्याला परत पाठवू नये, हेही तिनंच शिकवलं. दोन्ही एकदम कसं पाळायचं, ते कुठल्या पोथीत मला अजून सापडलं नाही.

रात्रंदिवस एकच येतं मनात. त्यांनी आधी माझा गुडघा का पाहिला? 'नको' म्हणाल्या ते पाण्याला, की मला? मला असेल तर ती माया होती, की आता तुझा उपयोग नाही असं सांगणं होतं? सरळ का नाही बोलल्या? सरळ बोलल्या असत्या तर मी ऐकलं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं का? कोणाला विचारू? ज्यांना विचारायचं, त्यांचा तर फोटो झाला.

मला काही कळलेलं नाही, मंडळी. तरी सांगायचं आहे म्हणून सांगते. मोरेश्वरभाऊ, रामनवमीला गाडा काढा. लीलाताईंना हो म्हणून आले होते, ते मी आज तुमच्यादेखत मोडते आहे. बरोबर की चूक, रामाला माहीत.

आता सगळे उभे राहा. ज्यांना उठवत नाही त्यांनी बसूनच हात जोडा. भजन मागाहून होईल. फलाटावर आपण नुसत्या ओरडत आलो, त्यांच्यासाठी दोन मिनिटं गप्प राहू.

लीलाताई, नमस्कार करते. तुम्ही नको म्हणालात, तरी आम्ही निघालो. रागवायचं असेल तर रागवा. मी कुठवर चालू शकते, ते तिथे गेल्यावर कळेल.