‘माळावरची हाळी’ला वीस वर्षं

समारंभाच्या अध्यक्ष, सरपंच अक्षदाताई, व्यासपीठावरील मान्यवर आणि कवठे येमाईच्या माझ्या माहेरच्या माणसांनो, सर्वांना नमस्कार. मी सारिका, आजचे सत्कारमूर्ती ईश्वरदादा यांची धाकटी बहीण. केडगावला शाळेत शिकवते, तेव्हा भाषण लांबलं तर आवरायला सांगा.

दादा पुण्यात रॉक बँडमध्ये गिटार वाजवायचा. बँड फुटला, सोबती नोकऱ्यांना लागले आणि दादा गिटार घेऊन घरी आला. गाव काय म्हणालं असेल? असो, ती मंडळीही आज टाळ्या वाजवायला आली आहेत!

दादाला आता एकट्याचा अल्बम करायचा होता, तोही आपल्या बोलीत. स्टुडिओ कुठला परवडायला? घरामागच्या खोलीत आवाज घुमू नये म्हणून त्यानं भिंतींना घोंगडी टांगली. आबा, म्हणजे आमचे वडील मारुतराव, जन्मभर मेंढरांमागं फिरलेले. दारात उभं राहून म्हणाले, "ईश्वरा, हे गाणं हाय का भांडण?"

"दोन्ही हाय, आबा."

"मग आमची मेंढरांची हाळी काय निराळी हाय व्हय?" आन् आबांनी तिथंच हाळी दिली! रेकॉर्डिंग चालू होतं. ‘माळावरची हाळी’ हा अल्बम त्याच आवाजानं सुरू होतो.

तेव्हा तो फारसा कुणी ऐकला नाही. वर्षभरात आबा गेले. त्यांचा आवाज दादाला सोसेना. गिटार पोटमाळ्यावर गेली, दादा कांद्याच्या वाफ्यात गेला आणि घरात गाण्याचं नाव निघेनासं झालं.

गाणी मात्र मोबाईलवरून फिरत राहिली. गेल्या वर्षी माझी जुनी विद्यार्थिनी हर्षदा आपला बँड घेऊन दारात आली. "मामा, तुमची गाणी ऐकून आम्ही मराठीत गायला लागलो. आम्हाला शिकवा."

"न्हाई जमायचं," दादा म्हणाला.

पोरगी हटली नाही. ओट्यावर बसून तिनं पहिलं गाणं वाजवलं आणि आबांची हाळी स्वतः दिली. आमची आई, भागुबाई, आतून बाहेर आली. म्हणाली, "आरं, पोरगी हाळी देतीया. ओ दे की!"

दादा ढसाढसा रडला. मग शिडी लावून पोटमाळ्यावर चढला.

आज तो याच पोरांसोबत वाजवणार आहे. हा योग आणल्याबद्दल ग्रामस्थांची मी ऋणी आहे. कुणाला मान द्यायचा राहिला असेल, तर माहेरवाशीण समजून पोटात घाला. आणि साऊंडवाले भाऊ, पुढच्या रांगेतल्या आईचं वय बघून आवाज कमी करू नका. मी तिला मघाशीच विचारलं. म्हणाली, "मोठ्यानं वाजू द्या. लांबवर ऐकू गेलं पायजे."