यास्मीन सिनेमाची बाजूची पट्टी

समारंभाचे अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे सत्कारमूर्ती इंजिनिअरसाहेब, म्हणजे आपले बाशमुहंदिस रिफ्अत, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या मातोश्री उम्म रिफ्अत आणि मन्सूरा शहरातल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी लुईझ तादरोस. नन्सच्या शाळेत शिकले, तिथेच शिकवलं. या कुटुंबाची जुनी शेजारीण म्हणून संयोजकांनी मला दोन गोड शब्द बोलायला सांगितलं आहे. पाहुणीने आवाज चढवू नये, ही नन्सची शिकवण. प्रयत्न करते.

रिफ्अत सज्जन आहेत. कुणाचा चहासुद्धा फुकट पीत नाहीत. मग जुन्या इमारती जपण्यासाठी नेमलेल्या समितीच्या या सज्जन अध्यक्षांच्या सहीने यास्मीन सिनेमा का पडला? समितीने लिहिलं, ‘या इमारतीला सांस्कृतिक मूल्य नाही.’ झालं! ईदच्या सुट्टीत, सगळं शहर घरात ईदची कहक बिस्किटं खात बसलेलं असताना, बुलडोझर आले. सुट्टी संपवून आम्ही बाहेर पडलो, तर घुमट नाही, संगमरवरी जिना नाही, सज्जे नाहीत. उरली ती रस्त्याकडची दर्शनी भिंत.

मूल्य नाही? सोमवारी दुपारचा खेळ फक्त बायकांचा असायचा, हे समितीला कुणी सांगितलं नाही का? कडेवर पोरं, डब्यात भरल्या भाज्यांची महशी, पदरात भोपळ्याच्या बिया. परदेशी सिनेमाचं अरबी भाषांतर तेव्हा पडद्याच्या बाजूला, वेगळ्या अरुंद पट्टीवर दिसायचं. कैरोत ती पद्धत केव्हाच मोडीत निघाली होती. पण आमचे ग्रीक मालक ख्वाजा यानी हे पक्के चिक्कू, त्यांनी जुनं यंत्र टाकलं नाही. अम्म शाकिर, म्हणजे आमचे शाकिरकाका, ते हाताने फिरवायचे आणि त्यांची पट्टी नेहमी सिनेमाच्या पुढे धावायची. नायक दारात पोचायच्या आत बायका ओरडायच्या, “अरे मेल्या, परत फिर! तिचं लग्न ठरलंय!” आणि मग वर बघून, “अम्म शाकिर, जरा दमानं! आम्हाला रडायला तरी वेळ द्या!”

बहुतेकींना वाचता येत नव्हतं. म्हणून प्रत्येक रांगेत एक शाळकरी मुलगी बसवायची, तिने पट्टी मोठ्याने वाचायची, बदल्यात मूठभर बिया. आमच्या रांगेची मुलगी मी. माझ्या शेजारी उम्म रिफ्अत, मांडीवर हे बाशमुहंदिस, तोंडात अंगठा. बाकीच्या नायकाकडे बघायच्या, उम्म रिफ्अत पट्टीकडे. “थांब पोरी, ‘हृदय’ कुठलं? ते शेपटीवालं?” असं करत करत एका सोमवारी मला कोपरखळी मारून म्हणाल्या, “तू गप्प बस. आज मी वाचते.” त्या दिवशी अख्ख्या रांगेने जीभ नाचवत आनंदाच्या झगरूता घातल्या. पडद्यावर बिचारी नायिका मरत होती!

पुढे याच बाईंनी स्वयंपाकघरात बसून मुलाला अलिफ-बा गिरवायला लावलं.

आता त्यांचे डोळे गेलेत. मागच्या आठवड्यात मला बोलावून म्हणाल्या, “माझ्या पोराबद्दल पेपरात काय आलंय, वाच.” वाचता वाचता ते ‘मूल्य नाही’ वाक्य आलं. “परत वाच,” म्हणाल्या. मी वाचलं. मग म्हणाल्या, “विचार त्याला, तुला ‘मूल्य’ लिहायला कुणी शिकवलं? आणि त्या शिकवणारीला कुणी शिकवलं?”

मी म्हटलं, “तुम्हीच विचारा ना.”

“मी विचारलं तर हाताचा मुका घेऊन निघून जाईल. तू चारचौघांत विचार.”

विचारलं.

अध्यक्ष महोदय, आपण घड्याळाकडे बघताय, संपवते. ती दर्शनी भिंतही पाडायचा कागद सहीसाठी रिफ्अत यांच्या टेबलावर आहे आणि यांची खुर्ची आज संध्याकाळपर्यंत यांचीच आहे. रिफ्अत, बाळा, आता अहो-जाहो पुरे. त्या भिंतीवर आमच्या सोमवारच्या खेळाची पाटी अजून आहे. तेवढी तरी राहू दे.

संयोजकांनी बोलावलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, मनापासून आभारी आहे. आवाज चढला असेल तर म्हातारीला क्षमा करा. नन्सही करतील. आणि रिफ्अत, सही करण्याआधी एवढं लक्षात ठेव, उद्याचा पेपर तुझ्या आईला मलाच वाचून दाखवायचा आहे.