सुई खरी की गोळी

— नाही पण मामा, मी आत दवाखान्यात जाऊन धिंगाणा घालणार आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला? मघापासून आपलं तेच तेच. एक गोष्ट सांगायचीय आत, सांगतो आणि लगेच बाहेर येतो, आणि तुम्ही दारात खुर्ची आडवी टाकून बसलात. पुरुषांना प्रवेश नाही — वाचली पाटी, वाचता येतं मला. पण आत माझी बायको आहे. निळी ओढणी — हां, तीच, जिला तुम्ही पंख्याखाली बसायला सांगितलंत. तिला माहीत नाहीये मी मागोमाग आलोय ते. असं बघू नका हो माझ्याकडे, संशय वगैरे काही नाही. म्हणजे होता. सकाळपर्यंत होता.

मी ट्रकवर असतो, अर्धा महिना बाहेर. घरी आलो की नुसती झोप. तर गेल्या थंडीत नेलकटर सापडेना म्हणून तिच्या शिलाई मशीनच्या खणात हात घातला, तर चिंध्यांच्या खाली डबी. पांढरी, वर औषधाचं नाव नाही, दुकानाचं नाव नाही, नुसता एक नंबर. उघडली आणि मशीनपाशीच खाली बसलो मी. कारण तशीच गोळी — आता तुमच्यापासून काय लपवायचं, तुम्ही इथेच बसता — तशीच गोळी मी पण घेतो. घ्यायचो. हो, तोच आजार, एचआयव्ही. सरकू नका लांब, शेजारी बसल्यानं होत नाही तो, आणि हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे कमाल आहे.

घरात कुणाला पत्ता नाही. माझ्या रूटवर एक लांबचं गाव होतं, तिथल्या दवाखान्यातून घ्यायचो. तिथल्या डॉक्टरीणबाई फार चांगल्या, म्हणाल्या, रोज न चुकता घेत राहा, तपासणीत व्हायरस दिसेनासा झाला की तुझ्यापासून बायकोला काही होत नाही. आणि झाला होता दिसेनासा, मामा. इतकं सुटल्यासारखं वाटलं होतं त्या दिवशी. मग मालकानं रूट बदलला. त्याला काय सांगणार — साहेब, मला तोच रूट द्या, माझं औषध तिकडे आहे? इथल्या सरकारी दवाखान्यात घ्यायला गेलो, तर औषधाच्या खिडकीत बसलेला माणूस माझ्या साडूच्या गल्लीतला. तसाच माघारी फिरलो. आज जाऊ, उद्या जाऊ करत बंदच पडल्या गोळ्या.

आणि त्यात ही डबी. मला वाटलं, संपलं सगळं, माझं हिला लागलं आणि ही मला सांगत नाहीये. बाथरूमचा नळ सोडून रडलो मी. मग रडून झाल्यावर डोकं चालायला लागलं, तिथेच घात झाला. म्हटलं, आजार एक, औषध एक, मग काय हरकत आहे? तिला काय, पुन्हा मिळतील. माझ्याकडे ताकदीच्या गोळ्या होत्या, रंगानं आकारानं अगदी तशाच. एक काढली की एक टाकायची, म्हणजे डबी कमी दिसायला नको. उसन्या घेतल्या म्हणा ना. चोरी नाही हो, घरातल्या घरात कसली चोरी — बरं, चोरी म्हणा. पहिल्यांदा चार घेतल्या, मग प्रत्येक फेरीला. माझ्या मनात इतकंच, की मी तरी धडधाकट राहीन, घर चालेल.

आज म्हटलं, बघावं तरी कुठून आणते ती. तर तुमच्या त्या चष्मेवाल्या मुलीनं कागद दिला आणि स्वतःच सगळं समजावून सांगितलं, मी न विचारता. म्हणाली, इथे आजारी बायका येतच नाहीत, ज्यांना आजार नाही त्यांना तो होऊ नये म्हणून औषध देतात, कुठलं जास्त चालतं ते बघायची ही चाचणी आहे. नाही आजार! मामा, त्या पायरीवर बसून हसलो मी एकटाच, तुम्ही पाहिलंच असेल. तिला कळलं असणार माझं काहीतरी, कसं ते देव जाणे, पण भांडली नाही, विचारलं नाही, गपचूप येऊन स्वतःचा बंदोबस्त केला तिनं. शहाणी बाई.

आणि मग ती मुलगी पुढचं सांगायला लागली. म्हणे प्रत्येकीला दोन्ही देतात — कंबरेखाली सुई, दोन महिन्यांनी एकदा, आणि घरी रोज गोळी. त्यातलं एक खरं, एक खोटं. कुणाची सुई खरी, कुणाची गोळी खरी, ते बाईला माहीत नाही, सिस्टरला माहीत नाही, डॉक्टरला पण नाही. मी म्हटलं, अहो मग देता कसं? तर म्हणे असंच करावं लागतं, म्हणजे खरं काय ते कळतं. डोकं फुटायची वेळ आली माझी. एवढी माणसं आत, एवढे पगार, आणि एकालाही सांगता येऊ नये? तिची सुई खरी असली तर मी खाल्लं ते पीठ, माझं काय व्हायचं ते होवो, ती तर सुखरूप. पण गोळी खरी असली, तर — तर ती इतके महिने ताकदीच्या गोळ्या खातेय, आणि मी माझं औषध सोडून घरी येतोय, तिच्या शेजारी झोपतोय.

म्हणून म्हणतो, आत सोडा. त्यांना कळायला नको? तपासतात ना दर वेळी आधी, तुम्हीच म्हणालात, रक्त ठीक असलं तरच सुई देतात. मग हिलाच एवढा वेळ का? तिच्या मागून आलेल्या त्या दोघी कधीच्या गेल्या घरी. गर्दी नाही काही नाही. चहाला गेले असतील म्हणता — सगळेच? एकदम? मी जातो आता, तुम्ही काठी मारा वाटलं तर. मी जाऊन सांगतो, बाई, दोष तिचा नाही, तिनं एकही गोळी चुकवली नाही, डबीत घोळ मी घातलाय. एवढंच. पाय धरीन मी त्यांचे. तिचे पण धरीन.

थांबा, सिस्टर आल्या बाहेर. इकडेच येतायत. काय म्हणतायत? निळ्या ओढणीवाल्या बाईंबरोबर घरचं कुणी आलंय का? — आजवर कधी विचारलं होतं का त्यांनी असं? मामा? — माझ्याकडे काय बघताय, तिकडे बघा. कुणी नाही म्हणावं. सांगा ना त्यांना. एकट्याच आल्यात म्हणावं.