ज्याची मशीन त्याचाच हार

माझं नाव हसीना. माहेर पौडचं, बाजारात अब्बांचं बांगड्यांचं दुकान व्हतं, आन् सासर भऱ्याचं. नवरा दोन लेकी पदरात टाकून लवकर गेला, मग मी गावाजवळच्या एका छोट्या कारखान्याच्या शेडात कामाला लागले. खोटं कशाला बोलू, पयले सहा म्हैने झाडूच मारला. मग शेठनं मला तीन नंबरच्या पॉवर प्रेसवर बसवलं, पत्र्याला भोकं पाडायची ती मशीन, आन् काय सांगू तुमाला, अठरा वरसं मी तिच्यावरनं उठले न्हाई. नुसत्या आवाजावरनं मला तिचं दुखनं कळायचं.

आमच्या शेडात खंडेनवमीला एक रीत व्हती. ज्याची मशीन, तिला हार त्यानंच घालायचा, दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. मी मुसलमान म्हनून पयल्या वर्षी कुनीतरी कुरकुरलं, तर शेठच म्हनला, मशीन तिची हाय, हार बी तीच घालंल. लई बरं वाटलं व्हतं तवा. मग फोटो निघायचा, मी प्रेसपाशी, शेठ बाजूला हात जोडून, आन् तो फोटो त्याच्या खुर्चीमागं फ्रेम करून टांगलेला असायचा.

दोन वरसं झाली. क्लच घसरतोय, क्लच घसरतोय, आठ दिस मी शेठला सांगत व्हते. व्हय व्हय करतोय नुसता. एक दिवशी पायडल एकदाच मारलं आन् प्रेस दोनदा खाली आली. उजव्या हाताची तीन बोटं गेली, ही बघा. दवाखान्यातनं घरी आले तर विम्याचा साहेब कागद घेऊन दारात. म्हनला, बाई, तुमी तर सफाई कामगार, मशीनीत हात कशाला घातला? मला काई कळंना. त्यानं कागद दाखवला, लेकीनं वाचला. आमी आठ जन कामाला, आठीच्या आठी जनांच्या नावापुढं सफाई कामगार. झाडूवाल्याच्या विम्याचा हप्ता कमी, प्रेसवाल्याचा जास्त, म्हनून शेठनं सगळ्यांच्या हातात झाडू दिला, कागदावर. हात लई दुखत व्हता, पन त्या दिवशी तो दुखायचा थांबला, एवढा राग आला मला. अठरा वरसं, आन् मी झाडूवाली?

मी भरपाईसाठी कोर्टात दावा लावला. कोर्टाची नोटीस गेल्यावर शेठ पेढ्याचा बॉक्स घेऊन घरी आला. हसीना, झाडताना हात गेला म्हन, म्हंजी पैसे विमा कंपनी भरंल, तुझ्या लेकीला मी कामाला लावतो. मी कोपऱ्यातला झाडू उचलला, त्याच्यापुढं धरला, म्हनलं शेठ, आधी अंगन झाडा. उठून गेला. पेढे मी कुत्र्याला घातले.

पुण्याला कामगार कोर्टात त्यानं तेच सांगितलं, ही झाडूवाली, हिनं आपल्या मनानं हात घातला. जज साहेबांनी कागद बघितला, म्हनले आठी जन झाडू मारत व्हते तर मशीन कोन चालवत व्हतं? सगळे हसले, मी न्हाई हसले. लेकीनं बावधनला जाऊन माझ्या मोबाइलमधला खंडेनवमीचा फोटो मोठा करून आनला व्हता, तो पुढं केला. शेठ म्हनला, ती नुसती उभी राहिली व्हती. मग मी म्हनलं, साहेब, याला एवढंच विचारा, ज्याची मशीन त्याचाच हार, ही रीत तुझ्या शेडात हाय का न्हाई, देवीला स्मरून सांग. सरकारी कागदावर खोटं लिवनारा मानूस, पन पूजेचं खोटं त्याच्या तोंडातनं निघंना. खाली बघत म्हनला, व्हय, हाय. साहेबांनी माझ्या नावापुढं प्रेस ऑपरेटर लिवायला लावलं. प्रेसवालीचा हप्ता भरलाच नव्हता म्हनून विमा कंपनीनं हात वर केले, सगळी भरपाई शेठच्या खिशातनं गेली. त्याचा पडलेला चेहरा मी पोटभर बघून घेतला.

लोक म्हनत्यात, हसीना, आता माफ कर. का करू? आता मी भरे, पिरंगुट, जितं शेड दिसंल तितल्या बायांना सांगते, तुमच्या नावापुढं काय लिवलंय ते आधी बघा. शेठ लोक मला बघून गेट लावून घेत्यात. घेऊ देत, बाया सुटल्यावर बाहेर येत्यातच की.

नमाजाला बसले की त्याच्यासाठी बी मागते मी. अल्ला, त्याला लई आयुष्य दे. त्याची बोटं धाच्या धा शाबूत ठेव. आन् दर खंडेनवमीला तीन नंबरपुढं उभा राहिला की हार कुनाच्या हातात द्यायचा, ते त्याला सुचू देऊ नको.