पायांनी चालणारी होडी

डॉक्टर : होडीवरचा ओरखडा नाही तो, साहेब. तुमचीच सावली आहे. जरा बाजूला व्हा, जाईल.

साहेब : गेली. ठीक आहे. मुद्दा क्रमांक चौदा.

बाई : डॉक्टर, यांच्या कागदावर एकतीस मुद्दे आहेत. तुमचे पेशंट खोळंबले असतील तर तसं सांगा.

डॉक्टर : दुपारी दवाखाना बंद असतो, वहिनी. किडलेले दात पळून जात नाहीत. विचारा, साहेब.

साहेब : वल्ही कुठे आहेत?

डॉक्टर : हिला वल्ही लागत नाहीत, तीच तर गंमत! या कयाकमध्ये खुर्चीत बसायचं आणि सायकलसारखी पेडल मारायची. खाली हे दोन पर आहेत ना, ते माशाच्या शेपटीसारखे हलतात. हात मोकळेच. गळ धरा, चहाचा कप धरा. खास मासेमारीसाठीच बनवलीय.

साहेब : तुम्ही किती मासे पकडलेत?

डॉक्टर : ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून असतं.

साहेब : आकडा सांगा.

डॉक्टर : एक. तोही निसटला. पण त्यात होडीचा काही दोष नव्हता.

बाई : मासे मिळाले नाहीत तरी चालेल हो. रोज सकाळी सात ते अकरा यांना पाण्यावर ठेवेल ना ही?

डॉक्टर : आरामात.

बाई : एक वाजेपर्यंत?

साहेब : अगं, आपण मला छंद हवा म्हणून घेतोय.

बाई : हो, हो. तुम्हाला छंद आणि मला श्वास. डॉक्टर, बत्तीस वर्षं हे कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झाले आणि कारखाना घरी घेऊन आले. ओट्यासमोर जमिनीवर पिवळी पट्टी मारलीय. ती ओलांडायची तर बंद बूट घालायचे. मी बूट घालून भाजी फोडणीला टाकते!

साहेब : तेल उडतं.

बाई : रविवारी आगीची तालीम. मी आणि कामाच्या मावशी जिन्यावरून धावत खाली, फाटकापाशी रांगेत. मग हे हजेरी घेणार. दोघींची!

साहेब : दोन मिनिटं दहा सेकंद लागले. सुधारणेला वाव आहे.

बाई : मावशींनी काम सोडलं.

साहेब : त्या तालमीत हसत होत्या. बरं, डॉक्टर, मुद्दा पंधरा. ही का विकताय? खरं कारण सांगा.

डॉक्टर : खरं सांगू? शांतता हवी म्हणून घेतली होती. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बसतो मी. म्हटलं, तळ्याच्या मधोमध जाऊ, तिथं कोण येतंय! पहिल्याच रविवारी एक गृहस्थ नाव वल्हवत जवळ आले. 'डॉक्टर, बरे भेटलात' म्हणाले आणि आ केला.

बाई : अगंबाई!

डॉक्टर : पुढच्या रविवारी तिघं होते. एकजण सोबत टॉर्च घेऊन आला होता. आता मधमाश्या पाळणार आहे. बघू कोण जवळ येतं ते.

साहेब : मुद्दा सोळा. या लाइफ जॅकेटची शिवण...

डॉक्टर : आता पाण्यावरच बघा ना. हे मागचं फाटक उघडलं की समोर तळंच आहे. एक फेरी मारून या.

साहेब : वारा आहे.

बाई : पान हलत नाहीये, अहो.

साहेब : तेच. वारा अचानक सुटू शकतो. शिवाय यात एकच खुर्ची. एकट्यानं काम करणं नियमात बसत नाही. शिवाय जेवून अडीच तास झालेले नाहीत. शिवाय...

बाई : आठ दिवस झाले, मी जाहिराती बघतेय. चौथी होडी ही! एकीचा रंग भडक, एकीची खुर्ची सैल, एकीचा मालक खोकत होता. घ्यायची नसेल तर तसं सांगा. मी माहेरी... माहेरी आता कोणी नाही, नाहीतर गेले असते.

डॉक्टर : वहिनी, एक मिनिट. साहेब, दाढ काढायला आलेला माणूस आधी माझ्या खुर्चीची चौकशी करतो. किती जुनी, कुठून आणली, दिवा कितीचा. मी त्याला एवढंच विचारतो, की नेमकी कशाची भीती वाटतेय?

साहेब : भीती कसली? प्रश्न पद्धतीचा आहे.

डॉक्टर : बरं.

साहेब : मला पोहता येत नाही.

बाई : काय?

साहेब : ऐकलंस तू.

बाई : बत्तीस वर्षं दुसऱ्यांना जपलंत आणि...

साहेब : कारखान्यात पाण्याची मोठी टाकी होती. तिच्याभोवती कठडा मीच घालून घेतला. छातीएवढा. सगळ्यांना वाटलं, कामगारांसाठी घातला. सत्कारसुद्धा झाला.

बाई : आणि लग्नानंतर आपण समुद्रावर गेलो होतो तेव्हा?

साहेब : सर्दी झाली होती ना मला.

बाई : चारही दिवस? मी चार दिवस खोलीत बसून तुम्हाला वाफ दिली! छत्तीस वर्षांत सांगावंसं वाटलं नाही?

साहेब : विषय निघाला नाही.

बाई : मला येतं.

साहेब : काय येतं?

बाई : पोहता. शाळेत असताना नदी ओलांडायचे. जाऊन, येऊन.

साहेब : तू कधी बोलली नाहीस!

बाई : तुम्हाला सर्दी झाली होती. डॉक्टर, ते जॅकेट द्या इकडे.

(तिघं मिळून कयाक फाटकातून पाण्यापर्यंत ढकलत नेतात. बाई खुर्चीत बसते आणि पेडल मारते.)

साहेब : पाठ टेकव! डाव्या हाताला सुकाणू आहे! काठ सोडू नकोस! अगं, काठ... काठ सोडला तिनं.

डॉक्टर : इतक्या लांब ऐकू येत नसेल त्यांना.

साहेब : येतंय. घरीही अशीच करते.

डॉक्टर : छान चालवतायत हो.

साहेब : दोन जिने चढली की गुडघे धरून बसते. आणि आता बघा, पाय थांबलेत का एकदा तरी? डॉक्टर, पावती तिच्या नावानं करा.

डॉक्टर : आणि तुमचा छंद?

साहेब : तेच म्हणतोय मी. सात ते अकरा ही इथं. मग घरी मी सूचना देणार कोणाला?

डॉक्टर : मला नका विचारू. मी दातांचा डॉक्टर.

साहेब : पार मधोमध गेली. वळत का नाहीये?

डॉक्टर : वळतील.

साहेब : थांबली. डॉक्टर, थांबली ती! काही अडकलं का खाली? अगं! काय झालं? काय झालं गं?

बाई : काही नाही हो! तुम्ही दिसताय का, ते बघत होते!

साहेब : मग? दिसतोय का?

बाई : दिसताय! एवढेसे!