अपडेटचा मुहूर्त

अरे, पंधरा दिवस माझ्या जिवाले चैन नव्हतं. घरचा कॉम्प्युटर रोज विचारून राहिला होता, नवीन सिस्टिम टाकू का? माउस कधी 'हो'वर नेत होतो, कधी 'नंतर'वर. कारण माझं पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर जुनं, नव्या सिस्टिमवर चालंल का नाही कोणाले ठाऊक, अन् आमची अर्धी समता कॉलोनी त्याच्या भरवशावर पोट्ट्या लग्नात देते. लेक म्हणे, "पापा, कर लो ना, कुछ नहीं होता!"

शेवटी बायको वैतागली. "त्या सॉफ्टवेअरलेच मुहूर्त विचारा ना!"

विचारला. त्यानं गुरुवारी सकाळी अकराचा काढून दिला, अगदी उत्तम योग. बरोबर अकराले बटन दाबलं. तासाभरानं कॉम्प्युटर चकाचक सुरू झाला, पत्रिकेचं सॉफ्टवेअर मात्र काही केल्या उघडेना.

बायको म्हणाली, "साऱ्या कॉलोनीच्या पत्रिका पाहिल्या तुम्ही. काहून हो, त्याची अन् नव्या सिस्टिमची नव्हती पाहिली?"