‘कळवतो’चं बटण

—अहो आबा, बसा निवांत, खुर्ची फिरते पण पाडत नाही! मुलगी बघायला नरडाण्याहून निघालात आणि घरी न जाता थेट ऑफिसात आलात, बरं केलंत — घरी मला पोह्यांचा ट्रे धरून खाली बघत बसावं लागलं असतं. काय म्हणालात, “हाई काय शे?” बटण. काँप्युटरच्या पडद्यावर माउसने असं ओढलं, वर नाव लिहिलं, झालं. दाबून बघा — दाबा हो, तुमच्या लेकाला, अभिमनला नाही सांगणार! आत गेलं, बाहेर आलं, पुढे? काहीच नाही. कारण त्याच्यामागे मी अजून काही लिहिलंच नाही. दाबल्यावर काय करायचं ते ओळीओळीने सांगावं लागतं त्याला — तेच माझं काम.

आता आमचं हे केळीच्या गाड्यांचं. शेतकरी विचारतो, उद्या ट्रक मिळेल का? मी दोन बटणं दिली, होय आणि नाही. पण आमचे मॅनेजर रुपचंदनाना ‘नाही’ दाबेचनात! “कुंदा, नात्यातल्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणू?” मग तिसरं केलं — ‘कळवतो’. हसलात ना? आपल्याकडे सोयरीक मोडायची तरी ‘कळवतो’च म्हणतात! नाना दिवसभर तेच दाबायला लागले. लोक बिचारे वाट बघत बसले, केळी खोडावरच पिवळी पडली. शेवटी उडवलं मी ते बटण. नानांनी अबोला धरला. पण आता ज्याला ट्रक नाही तो दुपारीच दुसरीकडे बघतो — शिव्या देत बघतो, पण बघतो!

काय? लग्नानंतर हे बंद? ...ऐकलं मी. बाबांनाही सांगितलंत? मग ते काय म्हणाले — “विचारून कळवतो”? म्हणणारच. मला विचारायला घाबरतात, तुम्हाला नाही म्हणायलाही घाबरतात. खरं सांगू? अभिमन आवडला होता मला. फोटोत छान हसतो. काल आरशासमोर साडीसुद्धा लावून — जाऊ द्या, हे कशाला सांगतेय मी! ठरवलं होतं, आबांना एवढं झकास दाखवायचं की तेच म्हणतील, कर बाई काम...

नाही, आबा. माझं उत्तर ‘नाही’. वाईट वाटतंय मला, पण नाहीच. बाबांच्या निरोपाची वाट बघू नका, दुसरीकडे बघा. आणि तो माउस सोडा आता — बाहेर माणसं खोळंबलीत.